आजी-आजोबा न कळवता दारात आले, की आधी काय बघायचं? (अनुभव धागा)

पायवाट
शेजारी परवा रात्री आजोबा न कळवता येऊन उभे राहिले. तिथली धावपळ कानावर आली आणि जुनं बरंच काही वर आलं. वयस्कर माणूस असं अचानक आलं की सगळं घर पाहुणचाराला लागतं. औषधं, झोपायची जागा आणि बाथरूम मात्र राहून जातं. किस्से बाजूला ठेवू. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा.

सुरुवात करते. 'फोन का नाही केला?' हे दारात विचारूच नका, फार लागतं. बसवा, पाणी द्या. मग ते जिथून निघाले तिथे फोन लावा. बऱ्याचदा तिथे काही सांगितलेलं नसतं आणि तिकडे शोधाशोध चालू असते. त्याच फोनवर विचारून घ्या: किती वाजता निघाले, गॅस आणि कुलूप नीट आहे का, गोळ्या घरी राहिल्यात का. राहिल्या असतील तर पाकिटांचे फोटो मागवा, दोन्ही बाजूंचे. नाव आणि तारीख बहुतेक मागच्या बाजूला असते.

कंदील
गोळ्यांचं मी लिहितो, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पिशवीतलं औषध त्यांच्यासमोर, त्यांना विचारून बाहेर काढा. 'सकाळची पिवळी, रात्रीची छोटी' यावर विसंबू नका, कंपनी बदलली की गोळीचा रंगही बदलतो. नाव आणि मिलिग्रॅम कागदावर उतरवा, समोर वेळ लिहा. प्रवासात एखादा डोस चुकला असेल तर दोन एकदम देऊन भरपाई करायची नाही. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारा.

तीन गोळ्या नीट बघा. थायरॉइडची उपाशीपोटी, नंतर निदान अर्धा तास काही खायचं नाही. हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट असेल तर साध्या पाण्याच्या भरल्या ग्लासाबरोबर, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. नव्या घरात कोणीतरी भाबडेपणानं रोजच्या गोळ्यांत ती देतं आणि जिवावर बेततं. तिचा वार कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

सुगरण_नसलेली
घाईत आहे, नंतर सविस्तर. कोणीतरी कमोडचं लिहा ना, तिथेच सगळं अडतं.

निळी छत्री
कंदील, इन्सुलिन राहिलं. वापरात असलेलं पेन फ्रीजबाहेर चालतं, ३० अंशांच्या खाली. बरेच प्रकार २८ दिवस टिकतात, आपल्या पेनबरोबरचा कागद बघा. न उघडलेलं २ ते ८ अंशांत. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठतं. एकदा गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही.

प्रवासात जेवण लांबलं आणि गोळी किंवा इंजेक्शन वेळेवर घेतलं, की साखर उतरते. घाम, थरथर, विनाकारण चिडचिड दिसली तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर ३-४ सपाट चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. यंत्र नसेल तर थांबू नका, साखर द्या. शुद्ध जात असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ अ‍ॅम्ब्युलन्स.

उंबरठा
बाथरूम, घ्या.

टॉवेलची दांडी हा पहिला शत्रू. उठताना हात आपसूक तिच्याकडेच जातो आणि ती माणसाचं वजन पेलत नाही, स्क्रूसकट निघून येते. ती काढून ठेवा. रबरी कप दाबून चिकटणारे हँडल टाइल्सच्या सांध्यावर पकड धरत नाहीत, वरवर घट्ट वाटतात आणि ऐन वेळी सुटतात. भिंतीत पक्का बसवलेला दांडाच खरा. तो होईपर्यंत आत जड, चार पायांची, पायांना रबर असलेली खुर्ची ठेवा आणि अंघोळ बसून. हलकं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं. कमोड बुटका असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. साधारण १७ ते १९ इंच उंचीवरून उठणं सोपं जातं. दाराला आतून कडी लावायची नाही हे आधीच, प्रेमानं सांगा. पायपुसणी, गालिचे, वायरी सगळं उचला. पाणी आधी तुम्ही हाताला लावून बघा.

सुगरण_नसलेली
उंबरठा, मनापासून आभार. दांडी लगेच काढते.

रानवाट
पलंगाचंही तेच. जमिनीवर गादी टाकून देऊ नका, गुडघे त्यांना उठू देत नाहीत आणि ते संकोचानं हाकही मारत नाहीत. कडेला बसल्यावर दोन्ही पावलं सपाट टेकली आणि गुडघा काटकोनात आला, की उंची बरोबर. चष्मा, पाणी, काठी, बॅटरी हाताच्या अंतरावर. बाथरूमपर्यंत मंद दिवा रात्रभर. नव्या घरात दिशा कळत नाही, पडण्याचे प्रकार तिथेच होतात. उठल्यावर एक-दोन मिनिटं कडेला बसायचं, मग उभं राहायचं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर उभं राहताना वरचा आकडा २० किंवा जास्त उतरू शकतो, म्हणून चक्कर.

सोनचाफा
काठी दुखऱ्या पायाच्या बाजूनं धरायची ना?

रानवाट
नाही, उलट. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे वजन वाटून घेतलं जातं. सरळ उभं राहून हात मोकळा सोडला की मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. खालची रबरी टोपी झिजून गुळगुळीत झाली असेल तर बदला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

सोनचाफा
बरं झालं विचारलं. आमच्याकडे उलटंच चाललंय.

मध्यरात्र
आल्या आल्या बीपी मोजून घाबरू नका. ५ मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, एकावर एक नको, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांनी पुन्हा घ्या. १८० / १२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, तर दवाखान्यात चला.

लांबच्या प्रवासानंतर दोन्ही घोटे थोडे सुजले तर बहुतेकदा पाय उंच ठेवून रात्रीत उतरतात. एकाच पोटरीत सूज, दुखणं, गरमपणा असेल तर रक्ताच्या गाठीची शंका, त्याच दिवशी दाखवा. चोळायचं तर अजिबात नाही. धाप लागली तर तातडीनं.

कंदील
आणखी एक. आल्यावर काही तासांत बडबड, दिवस-रात्र न कळणं असं अचानक सुरू झालं तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग, नवं औषध, तुंबलेली लघवी ही नेहमीची कारणं, आणि उपचार होतो. सर्दीच्या तयार गोळ्या प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना स्वतःच्या मनानं देऊ नका, लघवी अडते.

पायवाट
सगळ्यांनी किती नेमकं लिहिलंय. माझं एक राहिलं: ते का आले. पहिल्या रात्री खोदून विचारू नका, परतीची तारीख तर नकोच. दुसऱ्या दिवशी एकेकट्यानं बसा. कपडे सैल झालेत का, अंगावर जुने निळसर डाग आहेत का, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय का, पिशवीत एका दिवसाचे कपडे आहेत की सगळी कागदपत्रं, यावरून बरंच कळतं. पडले असतील, तिथे भांडण झालं असेल, पैसे कोणी काढून घेतले असतील, किंवा नुसती आठवण आली असेल. विसरभोळेपणाची शंका असेल तर खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

सोनचाफा
थोडं विषयांतर. कानाच्या मशीनचा सेल संपला, पाकीट सोबत नाही. कुठला मागायचा?

निळी छत्री
जुन्या सेलवर आकडा असतो. वाचता येत नसेल तर स्टिकरचा रंग आठवतोय का विचारा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. लगेच बसवला तर कमजोर वाटतो. रात्री मशीनचं दार उघडं ठेवा. चार्जिंगचं मशीन असेल तर सेल नसतोच, चार्जर मागवा. आणि घरात तान्हं मूल असेल तर जुना सेल तिथल्या तिथे उचला, गिळला तर फार धोक्याचं.

सोनचाफा
तपकिरी म्हणतायत. म्हणजे ३१२. आणते.