मासे गरवायच्या ९ फुटी रॉडचे गाइड बांधायला धागा नेमका किती लागतो?

खाजनकाठ (रायबंदर)

नमस्कार मंडळी. ९ फुटी, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड बांधायला घेतलाय, मानशीजवळ (खाजनात पाणी सोडायच्या दरवाजाजवळ) आणि खडपांवरून चोणाक (बारामुंडी मासा) गरवण्यासाठी. ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ नळी, कार्बनचा. गाइड, म्हणजे दोरी जाते त्या कड्या, सात आहेत (त्यांचे पाय धाग्याने गुंडाळून ब्लँकला बांधायचे): पहिले तीन दोन पायांचे (३०, २०, १६ नंबर), पुढचे चार एका पायाचे, शिवाय अगदी टोकाची कडी, टिपटॉप. रॉडचा धागा बाहेरून मागवावा लागतो आणि मध्येच संपला तर पुढच्या रिळात तीच छटा येईल याची खात्री नसते. म्हणून आधीच विचारतो:

१०० यार्डांचं एक रीळ पुरेल का? जाडीत डी घेऊ की ए? सरावाच्या गुंडाळीत पायाच्या टोकाशी, जिथे धागा ब्लँकवरून पायावर चढतो तिथे, दर वेळी फट राहते, ती का? आणि आत्ता जुलैत धाग्यावरचं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून द्यायचा लेप) लावावं की पाऊस ओसरेपर्यंत थांबावं?

वेढेमोजणी (डिचोली)

धाग्याचा हिशेब सोपा आहे. जेवढी जागा झाकायची तिचं क्षेत्रफळ भागिले धाग्याची जाडी, की लांबी आली. म्हणजे एका वेढ्याचा घेर गुणिले वेढ्यांची संख्या. डी धागा साधारण ०.२५ मिमी, म्हणजे सेंटिमीटरला ४० वेढे. ए साधारण ०.१५ मिमी, म्हणजे ६६ च्या आसपास. पण कंपनीप्रमाणे जाडी बदलते आणि ताणाखाली नायलॉन चपटा होतो. तेव्हा हातातला धागा एखाद्या दांडीवर १० मिमी घट्ट गुंडाळून वेढे स्वतः मोजा आणि तोच आकडा धरा.

घेरही व्यासावरून काढत बसू नका. पाय ब्लँकवर ठेवून त्यावरून दहा वेढे घ्या, उलगडा, मोजपट्टीने मोजा, दहाने भागा. पायामुळे घेर किती वाढला ते त्यात आपोआप येतं. हे जमत नसेल तर (ब्लँकचा व्यास + धाग्याची जाडी) × ३.१४ करून गाइडच्या जागी १० टक्के वाढवा.

तुमच्यासारख्या रॉडचे अंदाजी व्यास धरून डी धाग्याचा हिशेब:

३० नंबर: व्यास ११ मिमी, दोन पाय मिळून ६४ मिमी गुंडाळी, २५६ वेढे, १० मीटर.
२० नंबर: व्यास ९, गुंडाळी ५२ मिमी, ६.७ मीटर.
१६ नंबर: व्यास ७.५, गुंडाळी ४४ मिमी, ४.७ मीटर.
एका पायाचे चार (व्यास ६ ते ३.२, प्रत्येकी १६ मिमी): चारही मिळून ४.२ मीटर.
टिपटॉप: जेमतेम ०.४ मीटर.
दोन तुकडे एकमेकांत बसतात त्या जोडावर ३० मिमी: ३.९ मीटर. मुठीच्या पुढे १५ मिमी: २.५ मीटर.

एकूण ३२.४ मीटर. पण ही फक्त ब्लँकवर राहणाऱ्या धाग्याची लांबी. या रॉडवर १३ गुंडाळ्या होतात आणि प्रत्येकीत सुरुवातीचं शेपूट व शेवटी ओढून कापायचा तुकडा मिळून ४० सेंमी वाया जातात. ते ५ मीटर धरून साडेसदतीस. त्यावर २५ टक्के उकलून पुन्हा बांधण्यासाठी ठेवा, कारण पहिल्या रॉडला दोन-तीन गाइड तरी परत बांधावेच लागतात, आणि एकदा ताणून दाबला गेलेला धागा परत वापरू नये. आकडा येतो ४७ मीटर. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. एका रॉडला निवांत पुरेल. दोन रॉड मात्र त्यात बसवायला जाऊ नका, अगदी शेवटच्या गुंडाळीला कमी पडेल.

मोठ्या तीन गाइडखाली अंडररॅप (आधी ब्लँकवर गुंडाळायचा धाग्याचा थर) करणार असाल तर आणखी सुमारे २४ मीटर लागतो. वाया जाणारा धरून मग ७७ मीटर. एकाच रंगात केलं तरी एका रिळात होतं, पण चुकायला फारशी जागा उरत नाही.

बारीक धागा कमी लागेल असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं उलटं. हाच रॉड ए धाग्याने बांधलात तर ब्लँकवरच ५४ मीटर जातो, सगळं धरून ७४. रीळ एकच, पण वेळ कितीतरी जास्त. मोठ्या गाइडना डी आणि टोकाकडच्या चारांना ए अशी विभागणी मला योग्य वाटते. टोकाकडे वजन जितकं कमी तितका रॉड चटकन सरळ होतो, आणि ए वर इपॉक्सीचा थरही पातळ पुरतो.

बेतूलचा_गळ

फटीचं कारण जवळजवळ नेहमी पायाचं टोक असतं. गाइड कारखान्यातून येतो तेव्हा टोकाला बोथट पायरी असते. धागा ब्लँकवरून एकदम अर्धा मिलिमीटर वर चढू शकत नाही, घसरून मागे येतो. बारीक कानस घेऊन टोक वरच्या बाजूने उतरतं करा, सुरीच्या धारेइतकं पातळ होईपर्यंत. मग पायाच्या तळाची कूस ६०० नंबरच्या पॉलिश कागदाने काढा. हे टाळलं तर रॉड वाकला की ती कूस कार्बनच्या तंतूंत रुतते, आणि मोठा मासा लागल्यावर ब्लँक नेमका तिथेच मोडतो. कानस मारल्यावर पाय स्पिरिटने पुसून कोरडा करा.

गुंडाळी पायाच्या टोकाआधी ३–४ मिमी सुरू करा. शेपटावरून ६–८ वेढे गेले की शेपूट कापा. पायावर चढताना रॉड हळू फिरवा आणि प्रत्येक वेढा नखाने मागच्याला भिडवा. शेवटचे ६–८ वेढे उरले की दुमडलेल्या धाग्याचा फासा आत घाला, धागा कापून टोक फाशातून ओवा आणि ओढून घ्या. नंतर पेनाच्या गुळगुळीत टोपणाने गुंडाळी घासली की बारीकसारीक फटी मिटतात.

ताण किती? बांधलेला गाइड अंगठ्याने जोर लावला तर किंचित सरकला पाहिजे. मुळीच हलत नसेल तर ताण जास्त झाला: गाइडची रांग सरळ करता येत नाही आणि टोकाकडचा पातळ ब्लँक दबतो. जोडाची गुंडाळी मात्र जरा जास्त ताणून करा. तिथे आतला भाग पाचरीसारखा बाहेर रेटतो आणि नळी उभी चिरू पाहते. तो दाब धाग्याने पेलायचा असतो, म्हणून पहिला वेढा नळीच्या अगदी तोंडाशी हवा, ५ मिमी मागे नको.

खाजनकाठ

दोघांचेही आभार. ३० नंबरचा पाय पाहिला, पायरी आहेच. एक राहिलं: म्हापशाला शिलाईच्या दुकानात गडद निळा पॉलिस्टरचा धागा मिळतो, तो चालेल का?

वेढेमोजणी (डिचोली)

साधा शिलाईचा नको. तो आखूड तंतू पिळून केलेला असतो, त्याला लव असते आणि लवेत हवा अडकते. इपॉक्सीखाली बुडबुड्यांची रांग दिसते. शिवाय सुई गरम होऊ नये म्हणून त्याला मेण किंवा सिलिकॉन लावतात, त्यावर इपॉक्सी पसरत नाही, खड्डे पडतात. मशीनच्या भरतकामाचा चकचकीत फिलामेंट धागा सरावाला चालेल, पण आधी एक गुंडाळी करून, इपॉक्सी लावून, सुकवून बघा.

निळ्याबद्दल आणखी एक. साधा नायलॉन इपॉक्सी पिऊन पारदर्शक होतो: निळा जवळपास काळा दिसतो आणि खालचा पाय उघडा पडतो. रंग जसाच्या तसा हवा असेल तर एनसीपी धागा (रंग टिकावा म्हणून आधीच प्रक्रिया केलेला) घ्या किंवा आधी कलर प्रिझर्व्हरचे (रंग टिकवणाऱ्या द्रवाचे) दोन हात देऊन पूर्ण वाळवा. माझा कल साध्या नायलॉनकडे आहे. इपॉक्सी धाग्यातून ब्लँकपर्यंत उतरतं आणि पकड पक्की बसते. खाऱ्या पाण्यातल्या रॉडला तेच हवं.

शापोरा_किनारा

जुलैत इपॉक्सी लावता येतं, पण उघड्या व्हरांड्यात नको. हार्डनरमधली अमाइन दमट हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि वर चिकट, पांढुरका थर येतो. दारं-खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर दोन तास आधी चालू ठेवा. रॉडही त्याच खोलीत ठेवा, म्हणजे धाग्यातला दमटपणा निघून जाईल. थेट वाऱ्याच्या झोतात मात्र रॉड नको, धूळ बसते.

माप अंदाजाने घेऊ नका. दोन वेगळ्या सिरिंज, ३ मिली रेझिन, ३ मिली हार्डनर (डब्यावर १:१ आकारमानाने लिहिलंय ना ते पाहा). प्रमाण चुकलं की थर कायमचा चिकट राहतो आणि हार्डनर वाढवून तो लवकर वाळत नाही. तीन मिनिटं सावकाश ढवळा आणि लगेच अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर पातळ पसरा. बुडबुडे फुटतात आणि आपल्या उकाड्यात मिश्रण कपात गरम होऊन घट्ट होण्याआधी जास्त वेळ मिळतो.

पहिला हात पातळ. पायाच्या दोन्ही बाजूंना धाग्याखाली बोगद्यासारखी पोकळी असते, ती आधी ब्रशने भरा. ती रिकामी राहिली तर खारं पाणी आत शिरून बसतं आणि पाय आतून गंजतो. बाहेर तपकिरी डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ५ मिनिटांनी जास्तीचं टिपून घ्या. मग रॉड ४–६ तास फिरता ठेवा, मिनिटाला ६ ते १८ फेऱ्या. मायक्रोवेव्हच्या थाळीची ५–६ फेऱ्यांची मोटर यासाठी छान चालते, फक्त तिच्यावरचा आकडा वाचा. काही २२० व्होल्टच्या असतात, काही २१ च्या, आणि २१ ची थेट घरच्या लायनीवर लावली तर लगेच जळते.

दुसरा हात २४ तासांनी. नखाचा वण उठत नाही तोवर रॉड पिशवीत घालू नका, आणि पावसाळ्यात गरवायला नेण्याआधी पूर्ण आठवडा जाऊ द्या.