हस्ताक्षरावरून उमेदवाराची निवड

‘अक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्या हस्ताक्षरतज्ज्ञाचे अंदाज इतके अचूक निघतात, मग भरतीत त्यांचा उपयोग का करू नये?’ असा प्रश्न विचारला जातो. अंदाज कधीकधी बरोबर येतात हे खरे. पण ते कशामुळे येतात, हे पाहायला हवे. उमेदवाराला बहुधा ‘स्वतःविषयी एक पान लिहा’ असे सांगितले जाते आणि त्या पानात शिक्षण, आधीची नोकरी, भाषेवरची पकड हे सारे आपोआप उतरते. नेटर आणि बेन-शखर या संशोधकांनी १९८९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असा आत्मपर मजकूर वाचून या विद्येचा गंधही नसलेल्या लोकांनी तज्ज्ञांइतकेच बरे अंदाज केल्याचे दिसले; मजकूर तटस्थ ठेवला की तज्ज्ञांचे अंदाजही निरुपयोगी ठरले. म्हणजे वाचले जात होते ते अक्षर नव्हे, मजकूर!

श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ साली उमेदवार निवडण्याच्या पद्धतींचा आढावा घेतला; त्यात हस्ताक्षरावरून केलेला अंदाज आणि पुढील कामगिरी यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) ०.०२ इतका, म्हणजे जवळजवळ शून्य आहे. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतल्यास तो ०.५४ आहे. सही खरी की बनावट हे ठरवणारी न्यायवैद्यक तपासणी ही निराळी गोष्ट आहे, तिची यात गल्लत करू नये.

शिवाय हाताला कंप असलेल्या किंवा वर्षानुवर्षे केवळ टंकलेखन करणाऱ्या उमेदवाराच्या वेड्यावाकड्या ओळींना ‘अस्थिर स्वभाव’ असा शेरा मिळाला, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?