बंद पडलेलं सॉफ्टवेअर फुकट खुलं करा म्हणे!

अर्धविराम: काल एकानं ऐटीत लिहिलं, 'कंपनीनं विक्री थांबवली की सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, खुला करायची सक्ती करा. थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर ब्लेंडर बघा.' बघितलं! ब्लेंडरची कंपनी २००२ मध्ये बुडाली, लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले, तेव्हा कोड सुटला. म्हणजे विकत घेतला. नेटस्केपनं १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड उघडला, पण आधी दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग उपटावे लागले. त्यातून पुढं फायरफॉक्स १.० यायला २००४ उजाडलं. पंधरा वर्षं कोड विकून घर चालवतोय मी. सक्ती कसली करता?

खिळेजुळारी: ती ऐट माझीच. आमच्या छापखान्यात विंडोज एक्सपीचा एक डबा अजून जिवंत ठेवलाय, पानं जुळवायच्या एका मराठी डीटीपी पॅकेजसाठी. त्याचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय पॅकेज चालत नाही ती छोटी डबी, मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं. गणपतीच्या गर्दीत पोऱ्यानं टेबल सरकवलं, लॉकच्या दोन पिना वाकल्या. मी चिमट्यानं सरळ करतोय, बायको टॉर्च धरून उभी. कंपनीचा फोन बंद. आत अकरा दिवाळी अंक! पैसे मोजून घेतलं होतं हो, चोरीची कॉपी नव्हती.

अर्धविराम: वाईट झालं. पण वेळीच सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांत, का नाही आणलं?

देठाचा_श: युनिकोडचं कौतुक नको. फुकटच्या फॉन्टात 'शाल' लिहून बघा, दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची. देठाचा श, पाकळीचा ल, २००९ च्या शासन निर्णयात स्पष्ट आहे. मुलीनं छापून नेलेल्या निबंधातल्या प्रत्येक ल ला बाईंनी लाल गोल केला. रडत घरी आली.

अर्धविराम: मजकुराची भाषा हिंदी असेल, मराठी लावा. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. आणि फॉन्ट खुला असेल तर नसलेलं वळण घालता तरी येतं.

देठाचा_श: मराठी माणसानंच का सेटिंगं हुडकायची? या बाईंना शिकवायला!

नस्ती_उठाठेव: धागा कोडचा, मारामारी ल ची. चालू द्या.

खिळेजुळारी: थांबा. 'खुला असेल तर घालता येतं' हे आत्ता कोण बोललं?

अर्धविराम: फॉन्ट वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं. बरं, एवढं मान्य: कोड ठेवा तुमच्याकडे, पण फॉन्टात कुठल्या क्रमांकावर कुठलं अक्षर बसवलंय, तो तक्ता कंपनीनं जाताना द्यायलाच हवा. दोन पानांचा ऐवज. नसेल तर मी फॉन्टवरून काढतो, मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टरही लिहून देतो. फुकट! झालं समाधान? फॉन्टची फाइल पाठवा.

खिळेजुळारी: लॉक लागल्याशिवाय फॉन्टही दिसत नाहीत त्यात. थांबा, टॉर्च घेऊन बोलावतो हिला.