मदत हवी आहे: महापुरात भिजलेले दादांचे फोटो

आमच्या मंडळाचे दादा परवा गेले. दर आषाढात पोरांना पन्हाळा ते पावनखिंड चालवत न्यायचे. मसाई पठारावर भर पावसात उभं करून १६६० सालची ती रात्र सांगायचे. मुक्कामी शेवटच्या पोराची बॅटरी दिसेपर्यंत भाकरीला हात लावायचे नाहीत. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही.

त्या मोहिमांचा अल्बम २०१९ च्या महापुरात भिजला, फोटो एकमेकांना चिकटलेत. रोलच्या जमान्यातले लॅबचे प्रिंट आहेत, निगेटिव्ह नाहीत. कुणी म्हणतं साध्या पाण्यात ठेवा, सुटतील. पण वहिनींचा जीव त्यात अडकलाय, धाडस होत नाही. कोल्हापुरात हे काम जपून करणारं कुणी माहीत आहे का? शोकसभेत लावायचे आहेत. तुमच्याकडं दादांचे फोटो असतील तर तेही पाठवा, साल लिहून.