मदत हवी: दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचे मायक्रोसर्व्हिसेस करायचे की आहे तोच मोनोलिथ सुधारायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस), सगळं एकाच कोडबेसमध्ये, म्हणजे मोनोलिथ. १२ केंद्रांपासून सुरुवात केली, आता १४० झालीत.

दिवसभर सर्व्हर निवांत असतो. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी तेवढाच वेळ सगळी केंद्रं एकदम येतात. काट्यावरचं वजन, मशीनवरचं फॅट-एसएनएफ (दुधातले स्निग्धांश आणि इतर घन पदार्थ), दरपत्रकातला दर, पावती, एसएमएस. किटली रिकामी करून शेतकरी बाजूला होईपर्यंत हे सगळं व्हावं लागतं.

गेल्या ११ तारखेला सकाळी सातलाच काही केंद्रांनी दहा दिवसांची बिलं काढायला घेतली आणि पावत्या अडकल्या. एका सचिवांचा फोन आला, "रांग गेटबाहेर गेलीय, वहीत लिहून घेऊ का?" लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: 'सॉरी, टू मेनी क्लाएंट्स ऑलरेडी', म्हणजे डेटाबेसला आणखी कनेक्शन घेता येत नाही. पोस्टग्रेसची १०० कनेक्शनची डिफॉल्ट मर्यादा आम्ही कधी बदललीच नव्हती. त्यातली बरीचशी कनेक्शन एसएमएस गेटवेच्या उत्तराची वाट बघत अडकून पडली होती.

भागीदाराचं म्हणणं, संकलन, दर, बिल, कपात, एसएमएस अशा स्वतंत्र चालणाऱ्या पाच सर्व्हिस, म्हणजे मायक्रोसर्व्हिसेस करू. मला भीती बिलाची वाटते. दूध, दरफरक, पशुखाद्याची कपात, उचल हे आज डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं. काही चुकलं तर सगळं मागे फिरतं. वेगळं केलं की सागा लिहा (पायरी-पायरीने काम, चुकलं तर आधीची पायरी उलटवायची), उलट नोंदी सांभाळा. कपात पडली आणि बिल बनलंच नाही, असं एकदा जरी झालं तरी शेतकरी पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

मायक्रोसर्व्हिसेससाठी भागीदार नेटफ्लिक्सचं उदाहरण देतो. पण २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्यावर त्यांनी क्लाउडकडे जायचं ठरवलं आणि ते काम संपलं जानेवारी २०१६ मध्ये. आम्ही चारच जण आहोत. उलट बाजूने प्राइम व्हिडिओच्या टीमने २०२३ मध्ये आपलं व्हिडिओ-तपासणीचं टूल तुकड्यांतून एका प्रोसेसमध्ये आणलं आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं लिहिलं. अर्थात ते एकाच टूलपुरतं होतं, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही.

माझा विचार: एसएमएस आणि बिलं सेलरीच्या (मागे सवडीने कामं उरकणारं टूल) रांगेत टाकायची, मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारं टूल), रिपोर्ट रीड रेप्लिकावर (डेटाबेसची फक्त वाचायची प्रत). कोडमध्ये मॉड्यूलच्या भिंती पक्क्या करायच्या. बिलाच्या कोडने संकलनाच्या टेबलला थेट हात लावायचा नाही.

अडलंय ते इथे. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला) ठेवला तर जँगोचे सर्व्हर-साइड कर्सर (डेटा तुकड्यातुकड्याने आणायची सोय) बंद करावे लागतात, आणि आमचं बिल इटरेटरवर, म्हणजे एकेक नोंद घेत चालतं. मेमरीचा त्रास कोणी अनुभवलाय का? एका मॉड्यूलच्या टेबलला दुसऱ्याच्या टेबलशी जोडणाऱ्या फॉरेन की ठेवाव्यात की तोडाव्यात? आणि फक्त संकलन तेवढं वेगळं काढावं का, म्हणजे बिलाचा डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) फसला तरी सकाळी सहाला पावती निघेल?

पुढचं बिल १ तारखेला आहे. निदान एसएमएसचा भाग तरी त्याआधी हलवायचाय.