‘स्टॉक शून्य करा’ म्हणण्याआधी कस्टमरचं शेड्यूल बघा

काटकसर (मूळ पोस्ट): पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या लहान प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांत) रॅकवर दीड-दोन महिन्यांचा तयार माल पडून असतो आणि मालक बँकेत सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) वाढवून मागतात. टोयोटासारखं जस्ट-इन-टाइम (लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच माल) लावा, स्टॉक आठवड्यावर आणा, पैसा आपोआप मोकळा होईल. मालकाची इच्छा हवी, बाकी काही नाही.

बोल्स्टर: ‘इच्छा हवी’ वाचून राहवलं नाही. टोयोटाचं जस्ट-इन-टाइम उभं आहे ते समतोल शेड्यूलवर. रोज कोणता पार्ट किती लागणार हे व्हेंडरला आधी कळतं. आपल्याकडे महिन्याच्या 1 तारखेला 5,000 नगांचं शेड्यूल (कस्टमरच्या मागणीचं वेळापत्रक) येतं, 18 ला ते 8,000 होतं आणि 25 ला फोन येतो की 3,000 च पाठवा. कस्टमरची लाइन थांबली तर डेबिट नोट (नुकसानाची वसुली) व्हेंडरच्या नावावर. मग तो स्टॉक ठेवणार नाही तर काय करणार? कस्टमरचं गोदाम रिकामं झालं, कारण ते व्हेंडरच्या शेडमध्ये आलं. खर्च कमी झालेला नाही, फक्त जागा बदलली आहे.

काटकसर: शेड्यूलचं रडगाणं वीस वर्षं ऐकतोय. डाय (पार्टला आकार देणारा साचा) बदलायला दीड तास लागतो, म्हणून सेटर (डाय लावणारा कामगार) एकदा लावलेली डाय दोन-दोन दिवस चालवतो. हा दोषही कस्टमरचा का?

बोल्स्टर: नाही. हा मुद्दा मान्य, आणि एवढाच मान्य. आठ तासांच्या पाळीत 480 मिनिटं. दीड तासाचे दोन बदल केले की 180 गेली. तोच बदल वीस मिनिटांवर आणला तर सहा बदलांना 120 लागतात, आणि बॅच तिसऱ्या हिश्श्यावर येते. शिगेओ शिंगो यांनी 1969 च्या सुमारास टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. आपल्या शंभर टनीला त्यातलं अर्धं जमलं तरी पुरे.

पण कसं, ते तरी लिहा! मशीन चालू असतानाच पुढची डाय, कॉइल, बोल्ट आणि गेज प्रेसशेजारी ट्रॉलीवर आणून ठेवायचे. सगळ्या डायना खाली पॅकिंग देऊन शट हाइट (बंद डायची उंची) एकच करायची, म्हणजे रॅमला (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला) हात लावावा लागत नाही. तळपट्टीची जाडी सारखी केली की क्लॅम्प आणि बोल्ट एकाच लांबीचे, पाना एकच. प्रेसच्या बोल्स्टरवर (खालच्या टेबलावर) दोन स्टॉपर, डाय सरकवून टेकवली की सेंटर मिळतं. यात चुकतं कुठे? पॅकिंग ग्राइंड न करता लावतात. मग डाय कलते, पंचचं क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) एका बाजूला कमी होतं, बर (पार्टच्या कडेला खरबरीत कोर) येते आणि पंचची धार तुटते. मग सगळे म्हणतात, ‘ही जपानी पद्धत आपल्याकडे चालत नाही.’ शिवाय बदल वीस मिनिटांत झाला तरी फर्स्ट पीस पास करायला क्वालिटीचा माणूस चाळीस मिनिटांनी येतो. ते गेज ऑपरेटरच्या हातात द्या.

हिशेबनीस: तुम्ही दोघं डायवर भांडताय, पैसा अडकलाय उधारीत. महिन्याला वीस लाखांची बिलं आणि 90 दिवसांची उधारी, म्हणजे साठ लाख कायम बाहेर. रॅक पूर्ण रिकामा केला तरी एवढे सुटणार नाहीत. वर 18 टक्क्यांनी 3 लाख 60 हजार जीएसटी, तोही इनपुट क्रेडिट वजा करून पैसे हातात येण्याआधीच भरायचा.

काटकसर: त्यासाठी कायदा आहे ना? 45 दिवस.

हिशेबनीस: आहे. 2006 चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा: लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तर जास्तीत जास्त 45. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात कलम 43बी(एच) आणलं: सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर खरेदीदाराला खर्चाची वजावट पैसे देईल त्या वर्षी. पण एप्रिलचं बिल फेब्रुवारीत चुकतं केलं तरी वर्ष तेच, वजावटही त्याच वर्षी. त्यामुळे धाक फक्त 31 मार्चचा.

बोल्स्टर: आणि जीआरएन (माल मिळाल्याची कस्टमरकडची नोंद)? माल गेटवर दहा दिवस पडून, एंट्री नंतर, आणि मुदत म्हणे एंट्रीपासून!

हिशेबनीस: ते कायद्यात बसत नाही. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. म्हणून चलनावर गेटचा शिक्का तारखेसह घ्या, बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा क्रमांक) छापा.

काटकसर: ट्रेड्सवर (बिलावर आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) बिल टाका, दोन-चार दिवसांत पैसे.

हिशेबनीस: खरेदीदाराने तिथे बिल मान्य केलं तरच. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केली, बिल मान्य करणं नाही. व्हेंडरने आग्रह धरला की पुढचं शेड्यूल दुसऱ्याकडे जातं. याला ‘इच्छा हवी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

काटकसर: ठीक आहे, ‘बाकी काही नाही’ हे शब्द मागे घेतो. पण रॅक आणि डाय मालकाच्या हातात आहेत, कस्टमरचं अकाउंट्स खातं नाही. सुरुवात तिथूनच होणार.

बोल्स्टर: करा. फक्त आधी सगळ्या डायची शट हाइट मोजून भिंतीवर यादी लावा. बहुतेक शॉपमध्ये ती यादीच नसते.