वाहनतळावरचे पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये सोडण्यासाठी बायोचारचा गाळणथर पुरेसा ठरेल का?

प्रश्न
पुण्यातील आमच्या सोसायटीत सध्या केवळ गच्चीवरील पावसाचे पाणी बोअरवेलच्या पुनर्भरणासाठी वापरले जाते. वाहनतळ आणि आतील रस्त्यावरचे पाणीही त्याच पुनर्भरण खड्ड्यात सोडावे, असा प्रस्ताव आता पुढे आला आहे. त्यात जनावरांची विष्ठा आणि कचरा मिसळत असल्याने खड्ड्यातील गाळणीच्या वाळूत बायोचार (काडीकचरा कमी हवेत तापवून केलेला कोळसा) घालावा, असे काही सभासद म्हणतात. त्याने जिवाणू कितपत अडतील, आणि कापसाच्या पऱ्हाट्यांपासून (वाळलेल्या काड्यांपासून) केलेला बायोचार चालेल का?

उत्तर १
जिवाणू अडतात, याला चांगला आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मोहंती, बोह्म आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वजनाने 5 टक्के बायोचार मिसळलेल्या वाळूने नुसत्या वाळूपेक्षा हजारपटीपर्यंत अधिक ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) धरून ठेवले, आणि थांबून थांबून पाणी सोडले तरी अडलेले जिवाणू पुन्हा सुटून वाहिले नाहीत. पावसाच्या सरी अशाच येत असल्याने मला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो.

कच्चा माल कोणता, यापेक्षा तो किती तापवला हे महत्त्वाचे आहे, कारण अर्धवट जळालेल्या, बाष्पशील (तापवल्यावर वायुरूपाने उडून जाणारे) द्रव्य जास्त असलेल्या कोळशाला जिवाणू कमी चिकटतात. पऱ्हाट्या चालतील, मात्र भट्टीचे तापमान विचारून घ्यावे. बारीक भुकटी पूर्णपणे चाळून टाकू नये: याच संशोधकांच्या आणखी एका अभ्यासात 125 मायक्रॉनपेक्षा बारीक कण काढल्यावर जिवाणू अडण्याचे प्रमाण 95 टक्क्यांवरून 62 टक्क्यांवर आले. भुकटीने थर लवकर तुंबतो हेही खरे, म्हणून वर खडी आणि जाड वाळूचा, काढून धुता येईल असा थर ठेवावा.

उत्तर २
वरील माहिती योग्य आहे, तरी माझा या प्रस्तावाला विरोध आहे. 100 मिलिलिटर पाण्यात 10,000 ई-कोलाय असतील आणि गाळणीने 99 टक्के अडवले, तरी 100 उरतातच; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तेवढ्या पाण्यात एकही आढळता कामा नये. त्यात आपला खडक बेसाल्ट, ज्याच्या भेगांतून पाणी फारसे गाळले न जाता थेट खाली उतरते. विषाणू जिवाणूंहून कितीतरी लहान असल्याने त्यांच्याबाबत या थराची खात्री देता येत नाही. रस्त्यावरचे पाणी बायोचारच्या थरातून बागेतील उथळ शोषखड्ड्यात सोडावे. बोअरवेलला गच्चीचेच पाणी पुरे.

प्रश्नकर्ता
बोअरवेलचे पाणी आम्ही पिण्यासाठी वापरत नाही, पण टँकर बंद असताना काही घरांत ते स्वयंपाकाला वापरले जाते, हे मान्य करावे लागेल. उथळ खड्ड्याचा पर्याय सभेपुढे ठेवतो. त्यात झाडांसाठी कंपोस्ट मिसळावे का?

उत्तर १
गाळणथरात नको. कंपोस्टमधून विरघळून येणारे सेंद्रिय द्रव्य बायोचारच्या पृष्ठभागावरील जागा व्यापते आणि जिवाणूंना चिकटायला जागा कमी उरते. झाडे खड्ड्याच्या कडेला स्वतंत्र मातीत लावा आणि मुसळधार सरीतले जादा पाणी बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूला वेगळा पाइप ठेवा.